डॉक्टरकीचा पूर्वरंग

डॉक्टर ही पदवी विद्यापीठ देते, असा एक समज सुशिक्षित समाजात दृढमूल झालेला आहे, आणि १९९८ साली नाशिकास स्थापन झालेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो दूर करण्याचा काही प्रयत्न केल्याचे ऐकिवात नाही, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. कारण हातातला अखत्यार कोणी आपण होऊन सोडल्याचे उदाहरण कोणत्याही दप्तरात माझ्या पाहण्यात आलेले नाही. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. निदान आमच्या भंडारा जिल्ह्यात तरी ही पदवी प्रवेशयादी जाहीर झाल्याच्या दिवशी, दिवेलागणीच्या सुमारास, शेजारपाजारच्या मंडळींकडून, पेढा तोंडात विरघळण्याच्या आत बहाल होते. तिला साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम लागत नाही, त्यापुढची वर्षभराची आंतरवासिता लागत नाही, आणि ज्या जीवास ती बहाल होते त्याची संमती तर मुळीच लागत नाही. सकाळपर्यंत 'अवं, दळण आणलंस का?' अशा शब्दांत जिची विचारपूस होत होती ती कन्या संध्याकाळी 'डॉक्टरसाहेब' होते, आणि दुसऱ्या दिवशी, तोंड धुण्यापूर्वीच, समोरच्या घरचे काकाजी साखरेचा रिपोर्ट हातात घेऊन ओट्यावर हजर असतात.

हा सर्व प्रकार मला अगदी जवळून पाहावयास मिळाला. कारण माझ्या धाकट्या बंधूंची नात भंडाऱ्याच्या नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्याच तुकडीत दाखल झाली, आणि माणसाच्या हाडांचा अभ्यास करावयाचा तर घरच्या जेवणाने स्वतःच्या हाडांवर थोडे मांस असलेले बरे, या माझ्या पत्नीच्या सिद्धान्तानुसार तिचा मुक्काम आमच्याकडे पडला. मी तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला मनुष्य. वैद्यकशास्त्रातले मला काही समजत नाही. परंतु एखाद्या इसमास अधिकार केव्हा प्राप्त होतो आणि तो अंमलात केव्हा येतो, यांतील अंतर ओळखण्यात माझी हयात गेली.

या जिल्ह्याला डॉक्टर स्वतःच्या भूमीवर पिकविण्याची सवय नव्हती, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. भंडाऱ्याने पितळेची भांडी घडविली, तलाव बांधले, धान पिकविले, मँगनीज खणून काढले. परंतु डॉक्टर घडवायचा तर तो कच्चा माल म्हणून नागपुरास रवाना करावा लागे. नागपुरास तरी १९१४ पर्यंत काय होते? तोवर मध्यप्रांतातल्या मुलाने मुंबई तरी गाठावी, नाही तर कलकत्ता. नागपूरचे डॉ. मुंजे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकून आलेले, आणि पुढे प्रांताचे मुख्यमंत्री झालेले डॉ. ना. भा. खरे तर थेट लाहोरहून. १९१४ साली चीफ कमिशनर सर बेंजामिन रॉबर्टसन यांच्या नावाने नागपुरास मेडिकल स्कूल निघाले, १९४७ साली मोठे मेडिकल कॉलेज निघाले, आणि तेव्हापासून आमच्या लोकांच्या बोलण्यात जगाचे दोन भाग पडले : एक 'मेयो', म्हणजे जुने रुग्णालय, आणि दुसरा 'मेडिकल', म्हणजे नव्या कॉलेजचे. रोगी मेयोत नेला की घरचे लोक काळजी करीत. मेडिकलला नेला की शेजारचेही करू लागत. मुलगा डॉक्टरकी शिकायला निघाला म्हणजे वरठीच्या स्टेशनावर, ज्याला रेल्वे आजही भंडारा रोड म्हणते, त्याला पोचवायला अर्धा मोहल्ला जाई, आणि त्यांपैकी निम्म्यांना, तो परत येईल तेव्हा आपला जुनाट खोकला त्याला दाखवायचा, असा हेतू असे. तो बहुधा परत येत नसे. आला तर नागपूरच्या धंतोलीत दवाखाना टाकल्याची निमंत्रणपत्रिका घेऊन येई. रोग भंडाऱ्याचा आणि डॉक्टर नागपूरचा, ही वाटणी जणू बंदोबस्ताच्या वेळीच कागदावर चढली होती.

असे असता ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी दिल्लीत बसून, दूरदृश्य प्रणालीने, महाराष्ट्रातल्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे एका बैठकीत उद्घाटन केले, आणि त्यांत मुंबई, नाशिक, अमरावती अशा बड्या नावांच्या पंगतीत भंडाऱ्याचे पान मांडले गेले. जागा शंभर. ही बातमी आल्यावर गावात जी चर्चा झाली तिचा मथितार्थ एवढाच होता, की आता शंभर डॉक्टर आले. ते यायला साडेपाच वर्षे अवकाश आहे, हे सांगण्याचा प्रयत्न मी खांबतलाव चौकात एकदोनदा करून पाहिला. परंतु चांगल्या बातमीत खोट काढणारा म्हातारा, यापलीकडे माझ्या म्हणण्याची दखल कोणी घेतली नाही.

त्या वर्षीची प्रवेशपरीक्षा ही स्वतंत्र कैफियत आहे. निकाल लागला ४ जूनला, ज्या दिवशी लोकसभेची मतमोजणी होती त्याच दिवशी. त्यामुळे आमच्या घरात दूरदर्शनसमोर अर्धी माणसे एका निकालासाठी आणि अर्धी दुसऱ्यासाठी बसली होती आणि कोण कशासाठी टाळ्या वाजवतो याचा मेळ लागत नव्हता. सातशेवीसपैकी सातशेवीस गुण मिळविणारे त्या दिवशी ६७ निघाले. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, सुधारित निकाल जाहीर झाला, तेव्हा ते १७ उरले. म्हणजे पन्नास मुलांनी घरबसल्या, कोणताही अपराध न करता, आपले सर्वज्ञत्व गमावले. आमच्या नातीला सर्वज्ञत्वाची बाधा कधी झालेलीच नसल्यामुळे तिचे विशेष नुकसान झाले नाही.

प्रवेश मिळाला आणि मग कागदपत्रांचे पर्व सुरू झाले, ज्यात मात्र मी, इतकी वर्षे घरात निरुपयोगी समजला गेलेला मनुष्य, एकाएकी सेनापतिपदी आरूढ झालो. राष्ट्रीयत्वाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, तो दाखला खरा असल्याचा दाखला, उत्पन्न बेताचे असल्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. आणि यांवर कडी म्हणजे प्रकृती धडधाकट असल्याचा दाखला, जो डॉक्टरने द्यावयाचा असतो, म्हणजे डॉक्टर व्हायचे तर त्यालाही आधी डॉक्टर लागतोच. पुढे प्रतिज्ञापत्र आले, की मी कोणाही विद्यार्थ्याचा छळ करणार नाही. आणि त्याच्या जोडीला पालकाचेही. राज्यात १९९९ साली कायदा झालेला असल्यामुळे हे रास्तच आहे, यात वाद नाही. परंतु झुरळ दिसले तर बाजेवर चढणारी मुलगी, आणि आयुष्यात ज्यांनी चढ्या आवाजात फक्त एसटीच्या कंडक्टरला, तेही बस सुटल्यावर, हाक मारली असे तिचे तीर्थरूप, या दोघांनी आपण दहशत माजविणार नाही असे सरकारास गंभीरपणे लिहून देताना पाहून माझ्यातला जुना कारकून गहिवरला. शेवटी बंधपत्र : शिक्षण पूर्ण झाल्यावर एक वर्ष शासकीय सेवा, नाही तर दहा लाख रुपये. आमच्या वेळी असा मुचलका सणासुदीच्या तोंडावर गावगुंडांकडून लिहून घेत, आणि त्याची रक्कम कितीतरी कमी असे.

महाविद्यालयात गेल्यागेल्या काही दिवस शिक्षण नसतेच. असते ती शिक्षणाची ओळख. या काळात योगासने होतात, खेळ होतात, संगणक होतो, आणि स्थानिक भाषाही शिकवितात. कारण शंभरांपैकी पंधरा जागा अखिल भारतीय कोट्याच्या, आणि त्यांवर राजस्थानापासून केरळापर्यंत कुठलीही मुले येऊ शकतात. ही मुले वहीत 'आपल्याला कधीपासून वेदना होत आहेत?' असे सुरेख वाक्य लिहून घेतात, त्याचे पाठांतर करतात, आणि बाह्यरुग्ण विभागाच्या दाराशी बसलेल्या पहिल्या म्हातारीवर त्याचा प्रयोग करतात. म्हातारी म्हणते, 'टोंगरा ठनकते ना बाप्पा.' हे वाक्य वहीत नसते. गंमत अशी की, कोल्हापूर-साताऱ्याकडून आलेला, मातृभाषा मराठी म्हणून ज्याला या तासातून सूट मिळावी असा विद्यार्थी, तोही तितकाच भांबावतो. टोंगरा म्हणजे गुडघा हे त्याला अलवरहून आलेला सहाध्यायी, जो दोन दिवस आधी फसला होता, तोच समजावून सांगतो.

मग पांढरा अंगरखा आणि शपथ. पूर्वी ही शपथ ग्रीकांच्या हिपोक्रेटिसाची असे. २०२२ पासून चरकाची घ्यावी अशी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची शिफारस आहे. स्वदेशीचा हा विजय मलाही सुखावणारा आहे. परंतु घरात चरकसंहितेची जुनी प्रत असल्यामुळे मी विमानस्थान उघडून पाहिले, तेव्हा आचार्यांनी शिष्याला घातलेल्या अटींत ब्रह्मचर्य, सत्यभाषण आणि मांसवर्जन यांबरोबरच दाढी राखणे आणि शस्त्र न बाळगणे याही अटी आढळल्या. ज्या तुकडीत मुलींची कमतरता नाही आणि जिला दुसऱ्याच आठवड्यात शवविच्छेदनाची सुरी हाती घ्यावयाची आहे, तिच्याकडून या दोन अटींचे पालन कसे करवून घेणार, अशी शंका मी व्यक्त केली. शपथ सुधारून घेतली आहे, असे नातीने मला बजावले. मसुद्यात दुरुस्ती झाली म्हणजे माझी हरकत नसते.

यानंतर जे सुरू होते त्याला शरीररचनाशास्त्र म्हणतात, आणि त्याचा पहिला परिणाम विद्यार्थ्यावर न होता घरच्यांवर होतो. फॉर्मेलिनचा वास हा कपड्यांबरोबर घरी येतो, कपडे धुतल्यावरही राहतो, आणि आमच्या सौभाग्यवतींच्या म्हणण्याप्रमाणे वरणातही उतरतो. सुश्रुताच्या काळी ही अडचण नव्हती. त्याने सांगितलेली रीत अशी, की प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे आणि मग वाळ्याच्या वा बांबूच्या कुंच्याने हलके हलके घासून एकेक थर उलगडत पाहावा. वैनगंगा दाराशी असून आमच्या मुलांनी हा मार्ग स्वीकारला नाही, याबद्दल नदीकाठच्या गावांनी ऋणी राहिले पाहिजे. ज्याने मरणोत्तर देह दिला त्याच्यापुढे हात जोडून ही मुले पहिल्या दिवशी उभी राहतात, त्याला आपला पहिला गुरू म्हणतात, हे मात्र तिने सांगितले तेव्हा सौभाग्यवतींनी वरणाविषयीची तक्रार मागे घेतली; निदान त्या दिवसापुरती.

हाडांचे प्रकरण अधिक बिकट. २०६ हाडांपैकी काही, दुसऱ्या महाविद्यालयातल्या, वरच्या वर्गातल्या एका ओळखीच्या मुलाकडून, दाव्यासकट उसनी म्हणून, एका बुटाच्या खोक्यात घालून आमच्या घरी आली. ती खरी की प्लॅस्टिकची, हा प्रश्न सौभाग्यवतींनी खोके उंबरठ्याबाहेर थोपवूनच विचारला, आणि 'अर्धी अर्धी' असे उत्तर आल्यावर त्यांनी काढलेला निवाडा असा होता, की प्लॅस्टिकच्या अर्ध्यांनी आत यावे. अखेरीस सर्व हाडांची स्थापना माझ्या अभ्यासिकेत, शेतीच्या सातबाराच्या शेजारी, करण्यात आली. तेव्हापासून पहाटे चारला 'ही कड आत, हा खळगा मागे, म्हणजे उजवी बाजू' असे मंत्रपठन ऐकू येऊ लागले, आणि शेजारी चौरसियांच्या ग्रंथाचे खंड रंगीत पेन्सिलींनी इतके नटले की ग्रंथ कोणता आणि रांगोळी कोणती हे कळेना. ग्रेसाहेबाचा मोठा ग्रंथही एकदा ग्रंथालयातून येऊन गेला. १८५८ साली तो प्रथम छापला गेला आणि त्यानंतर तीन वर्षांनी ग्रेसाहेब देवीच्या रोगाने ऐन तारुण्यात गेले, हे वाचल्यावर त्या पुस्तकाकडे पाहण्याची माझी नजर बदलली, कारण माणसाचे अंग न् अंग ठाऊक असूनही त्याचा उपयोग लेखकाला झाला नव्हता. नात मात्र आता माणसांकडे माणूस म्हणून पाहीनाशी झाली. मी जेवताना ती माझ्या जबड्याकडे एकाग्रतेने पाहत असे. एके दिवशी सोनार घरी आला असता, त्याच्या मानेतील एक शिरा किती सुरेख दिसते आहे, असे तिने त्याच्या समक्ष म्हटले. तो पुन्हा आला नाही.

आणि या सर्व काळात, ज्ञानाची कमाई गळ्याच्या हाडापासून मनगटाच्या आठ हाडांपर्यंत पोचलेली असताना, ओट्यावरचा दवाखाना जोरात चालू होता. काकाजींचा साखरेचा रिपोर्ट, त्यांच्या वहिनींचा थायरॉइडचा, कोपऱ्यावरच्या किराणेवाल्याच्या मेहुण्याचा तर नुसता फोटो, आणि तोही चुकून लग्नातला. पहिल्या आठवड्यात ती प्रामाणिकपणे सांगत असे, की मला यातले अजून काही येत नाही. या प्रामाणिकपणाचा अर्थ गल्लीने असा लावला, की दुखणे गंभीर असून मुलगी सांगावयास धजत नाही. काकाजी त्या रात्री जेवले नाहीत. तेव्हा नाइलाजाने तिने एक सार्वत्रिक उपचारपद्धती सिद्ध केली : पाणी भरपूर प्या, तेलकट कमी खा, रात्री जागू नका, आणि आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. ही चार सूत्रे ती रिपोर्ट हातात घेऊन, तो उलटा की सुलटा याची खातरी करून, सावकाश उच्चारू लागली, आणि तिच्या हाताला गुण आहे असा लौकिक शुक्रवारी मोहल्ल्यापर्यंत पोचला. मला तर संशय आहे की पुढील साडेचार वर्षांत तिला याहून फारसे वेगळे काही सांगावे लागणार नाही. फक्त सांगण्याची फी वाढेल.

पण खरी रंगत आली ती कुटुंब दत्तक योजनेत. वैद्यकीय विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून खेड्यातली काही घरे दत्तक घ्यावीत, वरचेवर जाऊन त्यांच्या प्रकृतीची विचारपूस करावी, नोंदवही भरावी, असा अभ्यासक्रमाचा नियम २०२२ पासून आहे. कल्पना नवी नाही, सेवाग्रामला डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ साली महाविद्यालय काढले तेव्हापासून तिथली नवी मुले खादी नेसून आधी पंधरवडाभर आश्रमात राहतात आणि प्रत्येक तुकडी एक खेडे आपले मानते. तिथे प्रवेशासाठी एके काळी गांधीविचारांचा स्वतंत्र पेपर असे, आणि गांधीजींना स्वतःला डॉक्टरांविषयी काय वाटत असे हे 'हिंद स्वराज्य' वाचलेल्यास ठाऊक असल्यामुळे, त्या पेपरात पैकीच्या पैकी गुण मिळविणाऱ्याने मग पुढे जावे की मागे फिरावे, हा मला नेहमी कूटप्रश्न वाटत आला आहे.

आमच्या नातीच्या वाट्याला आलेल्या घरांपैकी एक मोहाडीकडच्या एका गावात होते. दिवस पौषाचे, धान निघून गेलेले आणि बांध्यांत लाखोळी हिरवीगार उभी. निघण्यापूर्वी तिने वरच्या वर्गाचे, पार्क यांचे, जाडजूड पुस्तक चाळून ठेवले होते, आणि त्यात तिला आमच्या भागाला साजेशी अशी एकच गोष्ट सापडली होती, ती ही, की लाखोळीची डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय लुळे पडतात. या रोगाच्या पायऱ्या त्या पुस्तकात मोठ्या शिस्तीने दिल्या आहेत : आधी काठी न लागण्याची, मग एका काठीची, मग दोन काठ्यांची, आणि शेवटी रांगण्याची. अर्धवट विद्या डोक्यात ताजी असताना मनुष्य कुठेही निघाला तरी त्याला हवे ते दिसतेच. घराच्या अंगणात पाऊल टाकताच आतून आबाजी बाहेर आले. आणि त्यांच्या हातात काठी होती. एकच.

नोंदवही उघडली गेली. 'आबाजी, काठी कधीपासून लागते?' तिने विचारले, आणि आवाजात जितकी करुणा आणता येईल तितकी आणली. आबाजींनी काठीकडे पाहिले, मग तिच्याकडे, आणि म्हणाले, 'कुतरे लय झाले ना बाई. काठी नसन तं आंगावर येतेत.' मग तिचा विश्वास बसेना असे पाहून त्यांनी ती काठी तिच्याच हाती दिली आणि अंगणातून विहिरीपर्यंत जाऊन भरलेली बादली घेऊन आले. 'अन् लाखोरी खाऊन पाय गेले असते तं येवढी बांधी कोनी रोवली असती?' आतून आजी बाहेर आल्या. त्यांनी ही पाहुणी काय शोधते आहे ते दोन मिनिटांत ताडले आणि तिला चुलीपाशी नेऊन दाखविले, की डाळ कढत पाण्यात भिजत घालायची आणि ते पाणी ओतून द्यायचे, मगच शिजवायची. त्यांच्या सासूने तसेच सांगितले होते. विष त्या पाण्याबरोबर जाते, हे पार्कच्या पुस्तकात पुढच्याच परिच्छेदात होते. पण नात तिथवर पोचली नव्हती. १९६१ साली सरकारने या डाळीच्या विक्रीवर निर्बंध आणले, तेव्हा आजींच्या सासूबाईंचे मत कोणी घेतले असेल असे मला वाटत नाही.

एवढ्यावर परीक्षा संपली नाही. हत्तीपायाचा विषय निघाला, जो आमच्या जिल्ह्यात निघतोच, आणि आबाजींनी तिला विचारले, 'रगत रातीच काऊन नेतेत, सांग बरं?' सूक्ष्मजीवशास्त्र दुसऱ्या वर्षाला. तिने तसे सांगितले. 'तं मंग ऐक,' ते म्हणाले, 'तो जंतू दिवसा लपून राह्यते अन् रातीच रगतात फिरते. म्हनून दहा वाजल्यावर उठवतेत.' हे त्यांना रात्री दार वाजवून रक्ताचा थेंब नेणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याने वर्षानुवर्षांच्या फेऱ्यांत शिकविले होते. तिने ते वहीत उतरून घेतले. रक्तदाब मोजण्याचे तेवढे तिला नुकतेच येऊ लागले होते, तो तिने दोघांचाही मोजला. आबाजींचा उत्तम निघाला, आजींचा थोडा चढा, आणि तिच्या स्वतःच्या छातीत त्या वेळी जे धडधडत होते ते मोजण्याची कोणाला आठवण झाली नाही.

जेवल्याशिवाय सोडतील तर ते भंडाऱ्याचे घर कसले? भात, वांग्याची भाजी, आणि हो, लाखोरीचे वडे. निघताना पायलीभर तांदूळ पिशवीत घालून दिला, 'होस्टेलात का खातेस, दिसूनच राहिलं' या अभिप्रायासह. ती आमच्याकडे राहते हे कळल्यावर सौभाग्यवतींविषयी त्या घरात काय मत झाले असेल ते असो.

त्या रात्री तिने नोंदवही माझ्यापुढे ठेवली. कुटुंबाच्या आहाराचा रकाना होता, पाण्याचा होता, शौचालयाचा होता, दिलेल्या सल्ल्याचा होता. मिळालेल्या सल्ल्याचा नव्हता, आणि तांदळाचा तर नव्हताच. आता हे कुठे लिहू, असे तिने विचारले. सरकारी नमुन्यात जे कुठेच बसत नाही त्यासाठी शेवटचा रकाना राखून ठेवलेला असतो, आणि राज्ये बदलली तरी तो कोणी काढलेला नाही, हे मी तिला समजावून दिले. तिने पेन उचलले, थोडा विचार केला, आणि 'शेरा' या रकान्यात लिहिले : 'कुटुंबप्रमुख काठी वापरतात. कारण : कुत्री. पुढील भेटीपूर्वी लाखोळीचे पूर्ण प्रकरण वाचणे.' सबंध नोकरीत माझ्या नजरेखालून असंख्य शेरे गेले. इतका मुद्देसूद एकही नव्हता, आणि ज्याच्यावर कारवाई होईल अशी खातरी वाटावी असा तर नाहीच.